तिसऱ्या टेबलाचं नायट्रिक

फेब्रुवारीच्या शेवटी नागपुरात एक आठवडा असा येतो, की सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो सायकलच्या हँडलला बांधून न्यावा लागतो. कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर पडतात. झाडलं, की तासाभरात तेवढीच पुन्हा. मृगाची संत्री हातगाड्यांवर चढतात. उमरेडच्या एसटीत खिडकीशी बसलं, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस दिसतो, पानांवाचूनचा, नुसता केशरी. लोक या दिवसांना काय म्हणतात मला माहीत नाही. माझ्या लेखी हे प्रॅक्टिकलचे दिवस.

त्यांची खरी खूण नाकाला कळते. मी शिकले त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेमागं आंब्याचं झाड होतं. आता मी शिकवते तिथंही एक आहे. याच सुमाराला ते मोहरतं, आणि आत किप्सच्या उपकरणातून सडक्या अंड्यासारखा वास निघत असतो. दोन्ही वास खिडकीत एकमेकांना भेटतात. बाहेरच्या माणसाला मळमळेल. मला भूक लागते.

काल आमच्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागलं. आज मी तासभर आधी गेले, प्रयोगशाळा उघडून घेतली आणि दरवर्षी करते ते केलं. प्रत्येक टेबलावरच्या नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाटलीतले चार थेंब स्वच्छ नळीत घेतले, त्यात दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. काही व्हायला नको असतं. पाणी जसंच्या तसं दिसलं पाहिजे. याला आम्ही ब्लँक म्हणतो. ज्या बाटलीच्या भरवशावर दुसऱ्याची पारख करायची, तिचीच आधी पारख. "मॅडमची पूजा सुरू झाली," म्हणून आमचे सहकारी हसतात. हसू द्या. हे का करते, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. इथं लिहून टाकते.

मी उमरेडच्या विणकराची मुलगी. आमच्या घरात दोन हातमाग होते आणि पाटी माझ्याआधी कोणी धरली नव्हती. मी बी.एस्सी.पर्यंत पोचले, याचा मला तेव्हा अभिमान होता, आताही आहे, आणि तो मी लपवत नाही. सक्करदऱ्याला आत्याकडं राहायची. तिथून सदरकडच्या कॉलेजात सायकलनं. जाताना उतार, येताना चढ, असं मला वाटायचं. खरं तर रस्ता सपाट आहे. येताना दिवसभर उभं राहिल्यानं पाय दुखत, म्हणून चढ.

रसायनशास्त्राच्या त्या लांबट खोलीत सहा टेबलं होती आणि एका टेबलाला आठ विद्यार्थी. मधोमध लाकडी फळी, तिच्यावर बाटल्यांची रांग. त्या बाटल्या आठ जणांत सामाईक. आमचं टेबल तिसरं. माझ्या शेजारी मंगला, काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी, घरची संत्र्याची बाग. समोर वसंता, इतवारीतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, गप्प राहण्याची परीक्षा असती तर तो नक्की नापास झाला असता. बाकीचे पाच जण चांगले होते, पण त्यांचं इथं काम पडत नाही.

या खोलीचे खरे मालक सुदामकाका. हुद्द्यानं ते प्रयोगशाळेचे परिचर. खाकी सदरा, कानावर पेन्सिल, बोटांवर अ‍ॅसिडचे पिवळे डाग. कुहीकडचे, घरी थोडी शेती. सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुदामकाका आम्हाला वागायला शिकवायचे. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव विचारलं, की पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. माझी मान ताठ झाली. मी आडनाव जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं.

त्यांनी फळीवरची एक बाटली उचलली. मग म्हणाले, "बरं. आता इकडं पाह्य. हे बाटलीचं लेबल. बाटली उचलशीन तं लेबल तळहाताकडं ठेवजो. काहून?"

"मले नाई माहीत."

"ओघळ आला तं उलट्या अंगानं जाईन. लेबलवर आला तं नाव खाऊन टाकते. नाव गेलेली बाटली कोणाच्याच कामाची नाई राहत." त्यांनी काचेचं बूच दोन बोटांच्या बेचक्यात धरून दाखवलं. "आन् बूच टेबलावर ठेवाचं नाई. कधीच नाई. हातातच राहू द्याचं. टेबलावरचा कचरा त्याले लागते, तो बाटलीत जाते, तिथून साऱ्यांच्या नळीत. आन् जास्त घेतलं तं उरलेलं फेकून द्याचं. परत बाटलीत टाकाचं नाई. समजलं?"

समजलं होतं. पहिल्या दोन गोष्टी मी त्या दिवसापासून एकदाही चुकले नाही. तिसरीचं सांगायलाच हा लेख.

दर पंधरा दिवसांनी मी उमरेडला जायची. पहिल्याच खेपेला बाबांना हे सगळं सांगितलं. ते मागावर बसले होते. त्यांचे पाय चालूच, धोटा इकडून तिकडं.

"म्हणजे बाटली एक, आन् घेणारे आठ?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"सारेच? कोणी बी?"

"कोणी बी."

"आन् तूही आपल्या हातानं उचलतं?"

"नाही तं कोण उचलून देईन?"

धोटा थांबला. आमच्या घरात ही मोठी गोष्ट. ताप आला तरी धोटा थांबत नसे. बाबा ज्या गावचे, तिथं त्यांच्या लहानपणी विहीर एकच होती आणि आमच्या लोकांनी तिच्यापासून दहा पावलं लांब मडकं घेऊन उभं राहायचं. कोणी वाढेल तेव्हा पाणी. त्यांच्या हातानं पाणी खराब होतं, असं त्यांना इतकी वर्षं सांगितलं गेलं होतं. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वर्षी मी सहा वर्षांची होते. बाबांनी त्या वर्षी बरंच काही सोडलं, पण कुणाच्या मडक्याला चुकून हात लागला, की तो चटकन मागं घ्यायची सवय त्यांच्या हातातून गेली नाही. मन ऐकतं. हाताला वेळ लागतो.

"चांगलं हाय," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा पाय चालू झाले.

मीही काही साधी नव्हते. फळीवरची प्रत्येक बाटली मी उगाचच एकदा उचलून ठेवायची. लागत नसली तरी. कोणी काही म्हणतं का, बघायला. कोणी म्हणालं नाही. मंगलानं मात्र पहिल्या महिन्यात माझी झोप घालवली. आमच्यात पिपेट एक. पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी. तेव्हा ती तोंडानं ओढून भरायची. मी ओढून तिला दिली, की ती नळाखाली धरून तिचं टोक धुवायची, मग तोंडाला लावायची. मी मनात म्हणायची, धू बाई, किती धुशील. महिनाभर मी ते गिळलं. एक दिवस ती एकटीच काम करत होती, आणि मी दारातून पाहिलं: स्वतः ओढलेली पिपेट स्वतःच पुन्हा ओढण्याआधी तिनं तशीच धुतली.

"आपलीच उष्टी काहून धुतं वं?" मी विचारलं.

"सुदामकाकांनं सांगितलं नं धुवाले. तू नाई धुत? छी."

मी धूत नव्हते. मला फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

आता माझा गुन्हा. आमच्या घरी उरलेलं फेकत नाहीत. ताणा मागावर चढवण्याआधी सुताला तांदळाची कांजी पाजावी लागते, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. ती कांजी उरली, की आई परत मडक्यात ओतायची. उरलेला रंग परत हंड्यात. तुटलेल्या धाग्यांची वीतभर टोकंसुद्धा एका टोपलीत. त्यांची दोरी व्हायची. फेकणं हे आमच्याकडं पाप होतं, आणि पाप ही कल्पना आम्ही सोडली, त्यानंतरही तेवढं एक राहिलं. तर मी अर्धी नळी नायट्रिक घेतलेलं असायचं, लागायचं दोन थेंब. उरलेलं स्वच्छ, कोणी न वापरलेलं अ‍ॅसिड मोरीत ओतायचं? माझ्या हाताला ते होईना. शेवटच्या वर्षी तर हे रोजचंच झालं: इकडंतिकडं पाहायचं आणि बाटलीत परत. वर्षभर. आणि खरं सांगते, मला त्याची लाज नव्हती. बाकीचे सात जण भडाभडा मोरीत ओतत, तेव्हा मला वाटायचं, यांना काय माहीत वस्तूची किंमत. सगळ्या टेबलात आपण एकटीच शहाणी.

शेवटच्या वर्षीचा फेब्रुवारी. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला दहा दिवस. बाहेरचे परीक्षक येणार, म्हणून सरांनी आमची आधी एक सराव-परीक्षा घेतली. प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एकेक पांढरी भुकटी. तिच्यात काय आहे ते ओळखायचं. प्रत्येकाची भुकटी वेगळी. मी माझं काम चोख केलं. शेवटी क्लोराइडची परीक्षा: भुकटीच्या पाण्यात नायट्रिक, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा साका बसला. क्लोराइड आहे, असं मी वळणदार अक्षरात लिहिलं. शेजारी मंगलाही लिहीत होती. वसंता तर दुसऱ्याला नळी दाखवत होता, "पाह्य, कसं दही लागलं."

दुसऱ्या दिवशी सर आमचे पेपर घेऊन तिसऱ्या टेबलाशी उभे राहिले. सर बोलायला सौम्य होते, म्हणून त्यांची भीती वाटायची.

"या टेबलावर आठ जण आहेत," ते म्हणाले. "आठही जणांना क्लोराइड सापडलं. मी ते दोघांनाच दिलं होतं."

वसंता म्हणाला, "सर, मले तं खूपच सापडलं."

कोणी हसलं नाही. सरांनी आमच्या फळीवरची नायट्रिकची बाटली उचलली, स्वच्छ नळीत थोडं घेतलं, भुकटी घातलीच नाही. नुसत्या अ‍ॅसिडमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरं. मग कोठीतल्या मोठ्या बरणीतलं नायट्रिक मागवून तसंच केलं. नितळ. दुसऱ्या टेबलाचं केलं. नितळ. ब्लँक म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले.

"म्हणजे कोठीतलं चांगलं आहे. ही एकच बाटली खराब. ही कोणी भरली?"

"मीच भरली," सुदामकाका म्हणाले. "सोमवारी."

सरांनी विचारलं, "हायड्रोक्लोरिकची बरणी शेजारीच असते. त्यातलं थोडं आलं, तरी क्लोराइड दिसेल. सुदाम, डोळे दाखवून आलात का तुम्ही? मागे म्हणालो होतो."

सुदामकाकांनी बाटली हातात घेतली. डोळ्यांपाशी नेऊन लेबल वाचलं. मग लांब धरून वाचलं. बूच काढून वास घेतला. एवढ्या वर्षांत त्यांना कुठल्याही बाटलीचा वास घेताना मी पाहिलं नव्हतं. त्यांना ते लागतच नसे. त्या माणसाला, ज्याच्याइतकं त्या खोलीत कोणाला काही येत नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांविषयी शंका आलेली मला समोर दिसली.

"असंन बी, सर," ते हळूच म्हणाले. "दिसते मले. पण असंन बी."

"परीक्षक यायच्या आधी मला हा धोका नको. सोमवारपासून तुम्ही फाटकावर बसा. इथं दुसरा माणूस मागवतो. आणि ही बाटली तशीच राहू द्या, मला पुन्हा पाहायची आहे." सर रागात नव्हते. त्यामुळंच ते पक्कं होतं.

आणि मी? मला आठवलं होतं. सर 'सोमवारी' ऐकत होते तेव्हाच आठवलं. मंगळवारची संध्याकाळ, नळ्या कमी पडलेल्या. एका नळीत आधी हायड्रोक्लोरिक होतं. ती मी ओतली, पण घाईत धुतली नाही, आणि तिच्यातच नायट्रिक घेतलं. भरपूर. उरलं. इकडंतिकडं पाहिलं. परत ओतलं.

मी तोंड उघडलं नाही. घंटा झाली आणि सगळे गेले.

आत्या संध्याकाळी ओट्यावर विड्या वळत बसायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. तिला सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत.

"तुले कोणी पाह्यलं?"

"नाई."

"मंग काहून बोलतं वं? त्याची नोकरी तं जाऊन नाई राहिली. फाटकावर बसंन, सावलीत बसंन."

"त्याची चूक नाई नं पण, आत्या."

"ऐक." तिनं विडीचं तोंड नखानं दाबलं. "दुसऱ्या पोरीनं केली असती, तं लोक म्हणले असते, पोरगी चुकली. तुह्या हातानं झाली तं ते पोरीचं नाव नाई घेणार. म्हणतीन, पाहा, यायनं हात लावला आन् बाटली खराब झाली. तुह्या बापाले जे म्हणत होते, तेच. तू त्यायले ते पुन्हा हातात देऊन राहिली."

मला तेच वाटत होतं. माझ्या मनातलं कोणी इतकं उघडं करून समोर ठेवेल असं वाटलं नव्हतं, एवढंच. सक्करदऱ्याच्या तलावाकडून वारा येत होता. समोरच्या घरी कोणी कूलरचा जुना वाळा काढून झटकत होतं. मी विचार करत होते, की ज्या फळीवरच्या बाटल्या मी उगाच उचलून ठेवत होते, तिथंच मी खरंच एक बाटली खराब करून ठेवली. हे उमरेडला कसं सांगायचं? धोटा थांबेल आणि मग?

पण दुसरीकडून सुदामकाका दिसत होते, लेबल लांब धरून वाचणारे. उद्यापासून तो माणूस स्वतःच्या हाताला घाबरणार होता. बाबा तसे घाबरत. कोणीतरी एकदा सांगून टाकतं, की तुझ्या हातानं बिघडतं, आणि मग ते हातात राहून जातं. मला त्या माणसाला ते देता येईना.

सकाळी मी लवकर गेले, पण सर आणि आमचं टेबल यायची वाट पाहिली. सुदामकाका मोरीपाशी होते. एकट्या सरांना खोलीत जाऊन सांगता आलं असतं. पण बाटली सगळ्यांची होती.

"सर, ती बाटली मी खराब केली," मी म्हणाले. "सुदामकाकांनी बरोबर भरली होती. मी उरलेलं परत ओतलं. नळीत हायड्रोक्लोरिक होतं."

"एकदाच?"

"नाही सर. परत मी रोजच ओतते. वर्षभर. हायड्रोक्लोरिक मंगळवारी."

"का?"

वर्षभराच्या अभ्यासात इतका सोपा प्रश्न आला नव्हता. "फेकवत नाही, सर."

शेजारच्या टेबलावरून एका मुलीचा आवाज आला, अर्धा ओठात: "म्हटलंच होतं मी."

माझे कान तापले. आत्या बरोबर होती, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मंगला वळली. तिच्या हातात पिपेट होती, पाणी गळत होतं.

"काय म्हटलं होतं वं? जोरात म्हण नं. आम्हालेही ऐकू दे."

मंगला थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग माझ्याकडं फिरली, आणि माझ्यावरही तेवढीच चिडली. "आन् तू बी कमाल करतं. तुले फेकवत नाई, तं कमी घ्यायचं नं. दोन थेंब पाहिजेत, अर्धी नळी काहून घेतं?"

वसंता म्हणाला, "म्हणजे माह्या पुडीत क्लोराइड नव्हतंच? मी तं शपथेवर सांगितलं असतं गा कोर्टात." आता लोक हसले. मीही हसले असेन, डोळे पुसत.

कमी घ्यायचं. माझ्या शहाणपणाला हे वर्षभरात सुचलं नव्हतं. उरलेलं जपणारी मी, उरणारच नाही असं घेणं मला कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. बाबांच्या मागाशेजारी मी ते रोज पाहत होते. बाबा वीतभर धागा लागला तर वीतभरच तोडत.

सरांनी तिसऱ्या टेबलाची सराव-परीक्षा पुन्हा ठेवली. सुदामकाकांना फाटकाचं कोणी पुन्हा काही म्हणालं नाही; सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. मला शिक्षा अशी, की फळीवरच्या सगळ्या बाटल्या मी रिकाम्या करायच्या, धुवायच्या, पुन्हा भरायच्या. सगळ्या, कारण वर्षभरात कशात काय परत गेलं याची मलाही खात्री नव्हती. नळ मोठा सोडून मी मोरीत ओतत होते. ज्या मुलीला दोन थेंब फेकवत नव्हते, तिनं त्या दुपारी बावीस बाटल्या ओतल्या. पाचव्या-सहाव्या बाटलीला मंगला न विचारता येऊन धुवायला लागली. वसंता पुसायला. तो म्हणाला, "आपली बी थोडी चूक आहेच. वर्षभर बाजूला उभे होतो, आपल्याले दिसलं नाई." त्याच्या तोंडून आलेलं हे एकच गंभीर वाक्य मला आठवतं.

सुदामकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी लेबलं आणि दौत माझ्यापुढं ठेवली. "तुह्यं अक्षर चांगलं हाय. मोठं काढजो. मले दिसलं पाहिजे." मग जाताजाता, माझ्याकडं न पाहता, "मी रातभर बरण्याच मोजत होतो मनात. कोणती उचलली, कोणती उचलली. बरं केलं बोलली."

त्यांना डोळ्यांना दाखवायला पुढं मीच घेऊन गेले. दोष होताच, पण चष्म्यानं भागणारा.

तेव्हापासून आमच्या टेबलानं एक रीत पाडली. जो आधी येईल, त्यानं फळीवरच्या सगळ्या बाटल्यांचा ब्लँक करायचा आणि कागदावर सही करायची. बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी तो आठ जणांच्या सह्यांचा कागद पाहिला आणि विचारलं, हे कोणी सांगितलं? वसंता म्हणाला, "सर, आमच्या अनुभवानं." परीक्षकांनी अनुभव कोणता, ते विचारलं नाही. बरं झालं.

मी पास झाले. आमचं सगळं टेबल पास झालं. घरातली पहिली पदवी मिळाली, ती अशी.

मुलांना शिकवताना आता मी नियम सांगते: लेबल तळहाताकडं, बूच बोटात, उरलेलं परत नाही, निघताना पाणी आणि गॅस पाहून. त्यातलं अर्धं त्यांच्या डोक्यावरून जातं. विशीत कोणाला वाटतं, की आपण वाकडी ठेवलेली एक गोष्ट मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या नळीत पांढरी होऊन बसेल? आमच्यानंतर त्या फळीवर पुढच्या वर्षीचे आठ जण आले, मग त्यांच्या पुढचे. मी त्यांना पाहिलंही नाही. बाटल्यांनी पाहिलं. सामाईक वस्तू वापरणं म्हणजे न पाहिलेल्या माणसांशी नीट वागणं, असं मला वाटतं. आणि चुकलो, तर चूक दुसऱ्याच्या हातात न देता आपलं नाव सांगणं. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्याचा तास वेळापत्रकात नसतो.

परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या सुरुवातीला बाबा माझी ट्रंक न्यायला उमरेडहून आले. मी त्यांना कॉलेज दाखवायला नेलं. चूक सांगितली होती. मागाशेजारी बसून सगळी सांगितली होती. धोटा थांबला होता. बाबांनी एकच विचारलं होतं: "ते जे सरांनं पाह्यलं, नुसत्या बाटलीचं, तसं आमच्या विहिरीचं कोणी पाह्यलं होतं का?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी धोटा पुन्हा फेकला होता.

प्रयोगशाळा उन्हाळ्यासाठी आवरत होते. दारापाशी बाबांनी चपला काढल्या.

"राहू द्या भाऊ, राहू द्या," सुदामकाका आतून म्हणाले. नाकावर नवा चष्मा. "इथं अ‍ॅसिड सांडलेलं राहते. चपला घालूनच या. पोरीचं टेबल पाहून घ्या."

बाबा चपला घालून आत आले, पण हात पाठीमागं बांधून. देवळात नव्हे, दुकानात लहान मुलांना सांगतात तसे, काही लागू नये म्हणून. तिसऱ्या टेबलाशी उभे राहिले. माझ्या अक्षरातली लेबलं त्यांना वाचता येत नव्हती. मी एकेक वाचून दाखवली. ते प्रत्येकीला मान हलवत होते, ओळख करून दिल्यासारखी.

सुदामकाकांनी नायट्रिकची बाटली फळीवरून उचलली आणि बाबांच्या पुढं धरली. "धरा. हीच ती. ब्लँक करून पाहा. पोरगी सांगंन कसं ते."

बाबांचे हात पाठीमागून यायला थोडा वेळ लागला. मी सांगत गेले. लेबल तळहाताकडं. बूच बोटांच्या बेचक्यात, टेबलावर नाही. सुताचा धागा धरणारी ती बोटं. बूच त्यांनी असं धरलं, की तसं माझ्या एकाही विद्यार्थ्याला आजवर जमलेलं नाही. स्वच्छ नळीवर बाटली तिरपी केली. चार थेंब पडले. पाचवा नाही. मी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले.

नळी त्यांनी खिडकीकडं धरली. बाहेर आंब्याला आता बोराएवढ्या कैऱ्या होत्या. नळीतून त्या उलट्या दिसत होत्या, नितळ.

"पाहा भाऊ," सुदामकाका म्हणाले, "काई नाई झालं."

बाबांनी बूच बोटांतून काढून बाटलीला लावलं, फिरवून घट्ट केलं, आणि बाटली फळीवर जागच्या जागी, लेबल पुढं करून ठेवली. मग सुदामकाकांकडं पाहिलं.

"काहून होईल, भाऊ?"